गोगलगाय म्हणजे केरसुणी नव्हे

खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी नव्याने मांडणाऱ्याच्या कानावर पहिल्या पंधरवड्यातच एक हिशेब पडतो : दर गॅलनमागे एक. टाकीत जितके गॅलन पाणी, तितके सफाईचे प्राणी. निम्मे शंख आणि निम्मे हर्मिट, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारे छोटे खेकडे. गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, तेव्हा दोनशे लिटरच्या टाकीला पन्नासहून अधिक जीव लागणार. आपल्याकडे घरातले पाणी कुणी गॅलनने मोजत नाही, तरी हा नियम जसाच्या तसा आला आणि रुजला. क्षार मिसळले, खडक रचले, वाळू अंथरली, की 'क्लीनअप क्रू' आणायचा. जितका लवकर तितका बरा, जितका मोठा तितकी टाकी स्वच्छ.

हे मत मला मान्य नाही. पण ते उडवून लावण्याजोगेही नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे, म्हणून पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा.

1850 साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग सांगितला. काचेच्या पात्रात त्याने दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे श्वासावाटे जे सोडतील ते वनस्पती घेईल आणि वनस्पती देईल तो प्राणवायू मासे घेतील, अशी ती जोडी. पण पाने कुजू लागली, बुळबुळीत थर धरला, पाणी गढूळ झाले. मग वॉरिंग्टनने तळ्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांच्या तोंडी लागली. चारच वर्षांनी, 1854 मध्ये, फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि इंग्लंडमधल्या घराघरांतून समुद्राच्या पाण्याची पात्रे दिसू लागली. गोगलगायीला मत्स्यालयात सफाईचे काम मिळाले ते असे.

म्हणजे पूर्वपक्षाच्या पाठीशी एक खरा, यशस्वी प्रयोग उभा आहे. मात्र त्या प्रयोगात काम कोण करत होते हे नीट पाहिले पाहिजे. गोगलगायीने कुजके पान खाल्ले. पण त्या पानातले नत्र आणि फॉस्फरस गेले कुठे? थोडे तिच्या अंगी लागले, उरलेले विष्ठेवाटे आणि अमोनियाच्या रूपाने पाण्यात परत आले. ते पाण्यातून शोषून घेतले व्हॅलिस्नेरियाने, आणि त्यातून नवी पाने काढली. सफाई दोघींची होती. गोगलगाय फोडणारी, वनस्पती उचलणारी.

आजच्या प्रवाळटाकीत आपण काय केले? वनस्पती काढून टाकली आणि गोगलगाय तेवढी ठेवली. इतकेच नव्हे, पाण्यातले नत्र-फॉस्फरस उचलू शकणारी जी शैवाले टाकीत आपसूक उगवतात, त्यांनाच शत्रू ठरवून तिच्यापुढे वाढले. वॉरिंग्टनच्या पात्रातली जोडी मोडली आणि त्यातल्या अर्ध्या भागाकडून पूर्ण काम होईल अशी आशा धरली. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

समुद्रातल्या गोगलगायी नत्राचा निचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपाने करतात. वाढत्या वयाची गोगलगाय खाल्लेल्यातले काही कवच-मांसासाठी राखून ठेवते. पूर्ण वाढलेली गोगलगाय जवळजवळ सगळे पाण्यालाच परत देते. काच स्वच्छ दिसते, कारण काचेवरचे शैवाल आता पाण्यात विरघळले आहे किंवा वाळूवर बारीक लेंड्यांच्या रूपाने पडले आहे. टाकीच्या बाहेर काहीच गेलेले नाही. बाहेर जाते ते स्किमरच्या, म्हणजे फेसावाटे घाण काढणाऱ्या उपकरणाच्या, पेल्यात साठलेल्या काळपट पाण्यावाटे, बदललेल्या पाण्याच्या बादलीतून आणि हाताने उपटून फेकलेल्या शेवाळाबरोबर. चघळून बारीक झालेला गाळ प्रवाहात उचलला जातो, जिवाणूंना आणि स्किमरला लवकर सापडतो. एवढी मदत गोगलगाय निश्चित करते आणि ती मदत मी कमी लेखत नाही. पण केरसुणीने लोटलेला केर सुपलीत भरून दाराबाहेर टाकावा लागतो, आणि ते सुपलीचे काम ती करू शकत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. माझी पहिली टाकी एकशे ऐंशी लिटरची होती. हिशेब केला, अठ्ठेचाळीस आकडा आला, आणि मांडणीच्या तिसऱ्या आठवड्यात मी एका दुकानातून अठ्ठेचाळीस जीव घेऊन आलो. दुकानातल्या पाण्याची घनता 1.020 होती, माझ्या टाकीतली 1.026. माशांवरचे परजीवी दबावेत म्हणून काही ठिकाणी पाणी असे मुद्दाम कमी खारट ठेवतात; माशांना ते सोसते. गोगलगायींना आपल्या शरीरातल्या क्षारांचे प्रमाण बाहेरच्यापासून वेगळे राखता येत नाही. मी पिशव्या अर्धा तास तरंगत ठेवल्या आणि सोडून दिल्या. पाच आठवड्यांनी हलताना दिसणारे जीव एकोणीस उरले होते आणि अमोनियाच्या चाचणीतल्या पाण्याला हिरवा रंग चढत होता. ज्यांना सफाईला आणले होते तेच वाळूत कुजत होते. एक हर्मिट खडकावरून चालला होता. त्याच्या पाठीवर टोक उडालेला एक शंख होता. तो शंख मी ओळखला. पंधरा दिवसांपूर्वी त्यात ट्रोकस जातीची जिवंत गोगलगाय होती.

माझ्या हातून चूक झाली होती, आणि तिचे खापर नियमावर फोडून मला मोकळे होता येत नाही. पण अशा चुका घरोघरी होत असताना तो नियम टिकून कसा राहतो? याचे उत्तर आपल्या तर्कशास्त्रात जुने आहे : काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी साय पसरते. ही डायटमची, मराठीत ज्यांना करंडक म्हणतात त्यांची. त्यांच्या कवचाला सिलिका लागते आणि ती नव्या वाळूतून, नव्या खडकातून, न गाळलेल्या नळाच्या पाण्यातून मिळते. मांडणारा घाबरतो आणि गोगलगायी आणतो. दोन-तीन आठवड्यांत साय जाते. ती बहुतेक वेळा सिलिका संपत आल्यामुळे गेलेली असते. प्राणी न सोडलेल्या टाकीतही ती जाते. श्रेय मात्र गोगलगायींच्या नावावर जमा होते. सायीचा ऐन बहर बघून आणलेली ती फौज साय सरल्यावर उपाशी पडते. तिच्या मरणाची नोंद कुणी ठेवत नाही, कारण शंख तसाच पडून राहतो. आत कुणी आहे की नाही हे उचलून, उलटा करून, वास घेतल्याशिवाय कळत नाही.

याच काळात घडणारी आणखी एक गोष्ट याहून घातक आहे. पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या नादात कधी कधी डायनोफ्लॅजेलेट माजतात : तपकिरी, दोरीदार, बुडबुडे धरलेला थर. ऑस्ट्रिऑप्सिससारख्या त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि तो थर चरणाऱ्या गोगलगायी निपचित पडू लागतात. अनुभवी माणूस अशा वेळी गोगलगायी काढून घेतो. 'दर गॅलनमागे एक' मानणारा आणखी आणतो.

आता 'क्लीनअप क्रू' या नावाकडे येतो. व्याख्येत जे यायला नको ते आले तर अतिव्याप्ती आणि जे यायला हवे ते सुटले तर अव्याप्ती, असे दोन दोष नैयायिक दाखवतात. या नावात दोन्ही आहेत.

अतिव्याप्ती अशी. या नावाखाली विकला जाणारा क्लीनर श्रिंप माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी टिपतो. टाकीच्या सफाईशी त्याचा संबंध नाही, उलट त्याला निराळे खाऊ घालावे लागते. पेपरमिंट श्रिंप एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल खातो म्हणून आणतात. एप्टेशिया नसलेल्या टाकीत त्याला ते काम नाही. वाळू चाळणारा तारामासा, ॲस्ट्रोपेक्टेन, हा तर सफाई कामगार नव्हेच, तो शिकारी आहे. वाळूतले किडे, बारीक शिंपले, इवल्या गोगलगायी तो अख्ख्या गिळतो. ज्या सूक्ष्म जीवांनी वाळू जिती राहते तेच त्याचे अन्न, आणि घरगुती टाकीतला तो साठा संपला की काही महिन्यांत तो भुकेने विरत जातो. नासारियस वाळूतून सोंड काढून मेलेल्या माशाचा वास घेतो आणि क्षणात पोचतो. हे मुडदेफरासाचे काम फार मोलाचे आहे. पण तो शैवालाला तोंड लावत नाही, आणि नव्या टाकीत मेलेला मासा रोज कुठून आणणार?

समुद्रकाकडी वाळू गिळून तिच्यावरचे सेंद्रिय कण पचवते, तेव्हा ती खरी सफाई करते. पण आजारी पडली किंवा पंपात अडकली तर तिच्या अंगातल्या विषाने टाकीतले मासे मरू शकतात. शिवाय भारतात 2001 पासून समुद्रकाकड्या आणि खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. आपल्या समुद्रातून ती उचलणे गुन्हा आहे. हे स्पष्ट लिहितो, कारण कोकणात सुट्टीला गेलेला शौकीन ओहोटीच्या वेळी खडपावरून बादलीभर जीव घेऊन परतलेला मी पाहिला आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या गोगलगायींचे शरीर रोज काही तास उघड्यावर राहण्यासाठी घडलेले असते. टाकीत त्यातल्या कित्येक पाण्याच्या रेषेवर चढून बसतात आणि एके सकाळी जमिनीवर वाळलेल्या सापडतात.

एकच शब्द वापरल्याने आणखी एक भेद झाकला जातो, तो तापमानाचा. मार्गारिटा या नावाने विकली जाणारी गोगलगाय उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यातली आहे. आपली प्रवाळटाकी 25-26 अंशांवर असते, आणि चिलर नसेल तर एप्रिल-मेमध्ये मुंबईत ती तिशीपार जाते. त्या पाण्यात ती गोगलगाय काही आठवडे झिजते आणि जाते. कॅलिफोर्नियाच्या आखातातली मोठी टर्बो गोगलगायही तुलनेने गारव्याची. ती लांब केसाळ शैवाल भराभर खाते, यात शंका नाही. पण तिच्या धक्क्याने न चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे लवंडतात, आणि केसाळ शैवाल संपल्यावर त्या भल्या मोठ्या पोटाला पुरेल असे काही टाकीत उरत नाही.

इथपर्यंत आल्यावर प्रतिपक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा पुढे येतो, आणि तो टाळून चालणार नाही. चरणारे प्राणी नसले तर प्रवाळाचे काय होते हे कॅरिबियन समुद्राने दाखवले आहे. 1983 मध्ये पनामाजवळ डायडेमा अँटिलॅरम हा लांब काळ्या काट्यांचा समुद्री अर्चिन मरू लागला. वर्षभरात ती साथ सगळ्या कॅरिबियनभर पसरली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन गेले. टेरी ह्यूज यांनी 1994 मध्ये 'सायन्स'मध्ये जमैकाचे जे चित्र मांडले त्यानुसार 1970च्या दशकाच्या अखेरीस 52 टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 3 टक्क्यांवर आले होते, आणि शैवालाचे 4 वरून 92 वर गेले होते. मग चरणारे प्राणी लागतातच की नाही?

लागतात. हे मी बिनशर्त मान्य करतो. चरणारे अजिबात नसलेली टाकी मीही मांडणार नाही. शैवाल एकदा बोटभर वाढले की बहुतेक गोगलगायींच्या तोंडात ते मावत नाही, म्हणून ते कोवळे असतानाच कुणीतरी खुडणारे हवे. पण जमैकाच्या दाखल्यातून 'दर गॅलनमागे एक' निघत नाही. तिथल्या अर्चिनांची संख्या कुणी पाण्याच्या आकारमानावरून ठरवली नव्हती. ती चाऱ्याने ठरवली होती. त्यांची विष्ठा वाहून न्यायला अख्खा समुद्र होता. आणि ह्यूज यांच्या मांडणीतली कळीची गोष्ट अशी की शैवाल खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते, सगळा भार एका जातीवर आला होता, 1980च्या ॲलन वादळाने प्रवाळे मोडली होती, आणि मग ती एकटी जातही गेली. यातून धडा घ्यायचा तर तो विविधतेचा आहे : वेगवेगळ्या तोंडांचे, वेगवेगळ्या जागी चरणारे थोडे थोडे जीव. एकाच प्रकारच्या पन्नासांचा नव्हे.

'गोगलगाय आणि पोटात पाय' असे आपण म्हणतो, आणि प्राणिशास्त्रानेही त्या वर्गाला उदरपाद हेच नाव दिले आहे. टाकीसाठी निवड करताना मात्र पायाऐवजी तिचे तोंड बघावे. तोंडात कानशीसारखी दातांच्या ओळींची पट्टी असते. हे दात किती चिवट असावेत? खडकाला चिकटून राहणाऱ्या लिंपेटच्या दातांइतका मजबूत जैविक पदार्थ दुसरा सापडलेला नाही, असे 2015 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मोजून दाखवले. ट्रोकसची पट्टी काचेवरचा आणि खडकावरचा पातळ थर खरवडते. ट्रोकस उताणा पडला तर बहुधा स्वतः सरळ होतो. ॲस्ट्रिया नावाने मिळणाऱ्या शंकूच्या आकाराच्या गोगलगायीला सपाट वाळूवर ते जमत नाही आणि ती तशीच मरते, म्हणून दोघांत मी नेहमी ट्रोकस निवडतो. सेरिथ दिवसा वाळूत असते, रात्री वर येते, आणि वाळू, काच, खडकाच्या फटी अशा तिन्ही ठिकाणी चरते. एकच जात घ्यायची वेळ आली तर मी सेरिथ घेईन. हर्मिटबद्दल माझे मत कठोर आहे : नव्या टाकीत नकोत. तो मिळेल ते खाणारा आहे, वाढत्या अंगाला त्याला मोठा शंख लागतो, आणि टाकीत रिकामे शंख नसतील तर भरलेले असतातच. ज्यांना तो हवाच असेल त्यांनी प्रत्येकी तीन-चार वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख आधी टाकावेत.

राहिली अव्याप्ती, आणि माझ्या मते मोठा दोष हाच. खरी सफाई जे करतात ते या नावाखाली येतच नाहीत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू, ज्यांना खडकावर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. रात्री टॉर्च मारला की काचेवर उड्या मारणारे कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड. फटींतून दोन-तीन बाहू बाहेर काढून कण टिपणारे नखाएवढे ब्रिटल स्टार. आणि केसाळ किडे, ब्रिसलवर्म. यांना बघून नवशिके किंचाळतात, चिमट्याने ओढून काढतात, सापळे लावतात. हात लावला तर त्यांचे केस टोचतात हे खरे, काही मोजक्या जाती प्रवाळ खातात हेही खरे. पण टाकीत सहसा येणारे किडे खडकाखाली जिथे ना प्रवाह पोचतो ना आपला हात, तिथले उष्टे-कुजके संपवतात. यातले कुणीही गॅलनच्या हिशेबाने आणावे लागत नाही. अन्न असेल तर वाढतात, कमी झाले तर घटतात. आपण विकत आणलेली पूर्ण वाढीची गोगलगाय घटू शकत नाही. ती फक्त मरते.

म्हणून कोरड्या, पांढऱ्या खडकाने टाकी मांडणाऱ्याला मी सांगतो की गोगलगायींचे पैसे आधी एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतल्या मूठभर वाळूवर आणि एका खडकाच्या तुकड्यावर खर्च करा. ती टाकी कुणाची आहे, तिथल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होता का, त्यासाठी तांब्याचे औषध घातले होते का, हे विचारून घ्या. तांबे खडकात मुरते, आणि माशाला बरे करणारी मात्रा गोगलगायीला मारते. त्या तुकड्याबरोबर स्टोमॅटेला आली तर नशीब : चपट्या कवचाची, झटपट सरकणारी ही गोगलगाय टाकीतच पैदास करते.

मग वाट पाहायची. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तपकिरी साय येऊन गेलेली, आणि पुसलेल्या काचेवर दोन-तीन दिवसांत हिरवा थर धरू लागलेला, अशी स्थिती आली की चाऱ्याची सोय झाली. दोनशे लिटरला दोन ट्रोकस आणि चार सेरिथ एवढ्यावर मी सुरुवात करतो. दुकानाच्या पाण्याची घनता मोजून, थेंब-थेंब पाणी मिसळत दोन तास घेतो. महिनाभर बघतो. थर त्यांच्या आवाक्याबाहेर चालला असेल तर आधी माशांचे खाणे आणि पाणी बदलण्याचे प्रमाण तपासतो, आणि मगच आणखी दोन आणतो. मासे आले, रोजचे खाणे सुरू झाले, की एखाद-दुसरा नासारियस. काचेची समोरची बाजू मी स्वतः खरवडतो आणि निघालेले शेवाळ नळीने ओढून बाहेर काढतो. मागची बाजू तशीच सोडतो, कारण ते त्यांचे कुरण आहे.

सध्याच्या टाकीत चौथ्या वर्षी सेरिथ किती आहेत ते मला सांगता येणार नाही. चार सोडल्या होत्या. परवा रात्री टॉर्च लावून मोजायला बसलो, मागच्या काचेवर तेवीसपर्यंत पोचलो, आणि मग तिथेच पांढऱ्या धाग्यासारख्या अंड्यांची नागमोडी ओळ दिसली.